दाढ

ग्रामीण रुग्णालयात सात नंबरची खोली
दाताच्या आणि डोळ्याच्या मधोमध.
तिसऱ्या मंगळवारी उघडते.
जिल्ह्याहून मॅडम येतात,
आल्या की आधी पंखा फिरतो का बघतात.

बाकावर आम्ही सगळे
तोंडं दाताच्या दाराकडे करून बसलेले.

डोमाजी माझ्या बाजूला,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
याच बोटांनी क्लॅरिनेट वाजवायचा,
नागभीडपासून सिंदेवाहीपर्यंत
नवरदेव घोड्यावरून उतरायचे नाहीत
त्याची एक तान संपेपर्यंत.
बिदागी अर्धी नोटांत, अर्धी बाटलीत.
मग बाटलीच पूर्ण.
मग मोहाची, सकाळी, दात घासायच्या आधी.

मी काय नाही केलं.
लिंबू उतरवलं. काळा दोरा बांधला.
बसस्टँडवरच्या माणसाची पुडी
वांग्याच्या भाजीत कालवली,
त्या रात्री त्याला इतक्या उलट्या झाल्या
की सकाळी मीच पाय धरले त्याचे,
का धरले ते सांगितलं नाही.
अजून नाही सांगितलं.

समोरून कौतिकाबाई आल्या,
आमच्याच गल्लीतल्या, अंगणवाडीच्या.
थबकल्या. मी पदर सारखा केला.
"दात?" त्यांनी विचारलं.
"हो, दात. यांची दाढ. तुमची?"
"माहीबी दाढच."
आणि दोघी मिळून दाताच्या दाराकडे बघत बसलो
तासभर,
ते दार मंगळवारी बंद असतं.

सात नंबरातून पहिलं नाव पुकारलं:
कौतिका शालिकराम नाकाडे.
त्या उठल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
"सहा वर्सं झाली बाई, झोप नाही.
पोट्टे खिचडी खातेत अन् मले विहीर दिसते."

डोमाजी अकरा दिवस जिल्ह्याला भरती होता.
तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर मुंग्या दिसल्या,
मुंग्यांच्या डोक्यावर फेटे, पुढे बँड.
मी म्हटलं, कोणतं गाणं वाजवून रायले?
तो हसला. मग रडला. मग घाम.
लांजेवार नावाचा पोरगा वहीत लिहीत होता,
लिहिता लिहिता मला म्हणाला,
"आणि काकू, तुमची झोप?"

बावीस वर्षांत
हे मला कोणी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, बरी आहे.
मग दाराबाहेर जाऊन
नळ सोडून उभी राहिले.

आता एकच ऑटो करतो आम्ही तिघं.
कौतिकाबाईंच्या गोळ्या पार्ले बिस्किटाच्या डब्यात,
डोमाजीच्या क्लॅरिनेटच्या पेटीत,
सकाळी एक, रात्री दोन.
शुक्रवारी शाळेच्या व्हरांड्यात सात-आठ जण बसतात,
एकेक सांगतो. चहा असतो, गोड फार.

तान्हा पोळ्याला तो पुन्हा पडला.
पोरांचे लाकडी बैल घरोघर फिरत होते
आणि हा गटाराच्या काठाला,
तोंडावर मखराचा चिकटलेला कागद.
मी दार लावून घेतलं. खरंच लावून घेतलं.
उजाडता कौतिकाबाईंनी कडी वाजवली,
त्याला ओट्यावर बसवून तोंड पुसलेलं.
"मंगळवार आहे," म्हणाल्या.
मी म्हटलं, दुसरा आहे, तिसरा नाही.
"मंग काय झालं, फोन लागते त्या पोराचा.
तू चहा ठेव."

क्लॅरिनेट अजून वाजत नाही नीट.
वरचा सूर फाटतो.
तो तेवढाच फाटका सूर वाजवतो,
संध्याकाळी, गोठ्यात, म्हशीला ऐकवतो.

काल दिवेलागणीला सरपंचाची सून आली.
दारातच उभी, आत येईना.
गालावर हात.
गाल कुठेच सुजलेला नव्हता.
"काकू, तुमचा तो दाढीचा डॉक्टर," म्हणाली,
"कोणत्या मंगळवारी असतो?"

मी पाट सरकवला.
बस, म्हटलं.